भिंतीची बाहेरची बाजू

(१)

दलित साहित्याच्या समीक्षेने शब्दांचा पुष्कळ विचार केला. बोली, शिवी, प्रतिमा, आत्मकथनातील ‘मी’, विद्रोह आणि नकार यांवर अशाच नियतकालिकांतून वर्षानुवर्षे लिहिले गेले. ते आवश्यकच होते. परंतु ज्यांच्या हाती पाटी-पेन्सिल कधी आली नाही, त्या आपल्या मायबापांनी आपले म्हणणे कशातून मांडले, हा प्रश्न आपण तितक्या आस्थेने विचारला नाही. जलसा आणि भीमगीते यांच्याकडे आता अभ्यासकांचे लक्ष गेले आहे. घराच्या भिंतीकडे ते तितके गेलेले नाही. प्रस्तुत लेखात मी तिच्याकडे एक संहिता म्हणून पाहणार आहे आणि तेही तिच्या बाहेरच्या बाजूकडे.

बाहेरचीच बाजू का? आपल्या आत्मकथनांनी घराची आतली बाजू मराठी वाचकाला दाखवली. ‘बलुतं’ (१९७८), ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९), ‘जिणं आमुचं’ (१९८६) या पुस्तकांनी चूल, उपास, अंधार आणि अपमान पांढरपेशा वाचकाच्या घरात नेऊन ठेवला. आतली बाजू ही घरातल्यांची असते. तिथे काय आहे हे सांगायला कोणीतरी घरातलाच लागतो. बाहेरच्या बाजूचे तसे नाही. ती रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला दिसते. म्हणूनच ती कशी असावी, तिच्यावर कोणता रंग असावा, तिच्यावर काय लिहावे याचा अधिकार कोणाकडे आहे, हा प्रश्न सौंदर्याचा आहे तितकाच सत्तेचाही आहे.

वस्तीतल्या रंगवलेल्या घरांबद्दल एक शेरा आपण सर्वांनी ऐकला आहे : “किती भडक!” हा शेरा बहुधा सहज, हसत केला जातो. या एका शब्दामागे कोणती समीक्षा उभी आहे, तिची तपासणी करणे हा या लेखाचा हेतू आहे.

(२)

मराठी गावरहाटीत ‘काळी’ आणि ‘पांढरी’ असे दोन शब्द आहेत. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे गावठाण, वस्तीची जागा. घरे सारवायला, धाब्यावर टाकायला लागणारी पांढरी माती जुन्या गढीच्या, पडक्या वाड्याच्या जागेतून येते. महारवाडा, मांगवाडा हे या पांढरीच्या कडेला किंवा तिच्याबाहेर. गावकूस दुरुस्त करणे हे महाराच्या कामांपैकी एक काम होते. ज्याने भिंत लिंपायची, त्याने तिच्या बाहेर राहायचे, अशी ती व्यवस्था होती. गावाची बाहेरची बाजू महार राखत होता. त्याच्या स्वतःच्या घराच्या बाहेरच्या बाजूवर मात्र गावाचा अंमल होता.

या अंमलाला शास्त्राधार होता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी गावाबाहेर राहावे, फुटकी भांडी वापरावीत, प्रेतावरची वस्त्रे ल्यावीत, लोखंडाचे दागिने घालावेत असे सांगितले आहे. त्याच ठिकाणी आणखी एक आज्ञा आहे, तिच्याकडे आपले कमी लक्ष जाते. दिवसा कामासाठी हिंडताना त्यांनी राजाच्या हुकमाने दिलेली खूण अंगावर वागवावी. म्हणजे अस्पृश्य ओळखू आला पाहिजे आणि त्याची ओळख कोणती असावी हे त्याने ठरवायचे नाही. ग्रंथातली आज्ञा प्रत्यक्षात किती पाळली गेली याचा वाद इतिहासकारांनी घालावा. पण तिच्यातला विचार किती दीर्घायुषी ठरला, याची साक्ष विसाव्या शतकातही मिळते. इंदूर भागातल्या बलाई जातीवर तिथल्या सवर्णांनी १९२८च्या सुमारास जे नियम लादले, त्यांचा उल्लेख बाबासाहेबांनी ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये (१९३६) केला आहे. बलायांनी जरीकाठी पगडी घालू नये आणि रंगीत किंवा नक्षीदार काठाचे धोतर नेसू नये, हे त्यांतले नियम होत. त्रावणकोरात एकोणिसाव्या शतकात शाणार म्हणजे नाडार लोकांना एका मजल्याहून उंच घर बांधण्याची मनाई होती. छत्री, पादत्राणे, सोन्याचे दागिने यांचीही मनाई होती.

या सगळ्या मनाया एकत्र ठेवून पाहाव्यात. काठाचा रंग, घराची उंची, पगडीची जर ही बाहेरून दिसणारी लक्षणे आहेत. पोटात अन्न आहे की नाही, याची व्यवस्थेला फिकीर नव्हती. काठ रंगीत आहे की नाही याची होती. हे ध्यानात घेतले म्हणजे दलित माणसाच्या घराला दिलेला रंग ही निव्वळ सजावट आहे, असे म्हणता येत नाही. जो रंग मनाई मोडून भिंतीवर आला, त्याच्याकडे पाहताना त्या मनाईचीही आठवण ठेवावी लागते.

(३)

कोणी म्हणेल, हे जुने झाले. आता ज्याचे घर त्याची भिंत. असे खरोखर आहे काय?

राजस्थानातल्या दौसा जिल्ह्यात २०१७ साली गरीब कुटुंबांच्या घरांच्या दर्शनी भिंतींवर पिवळे चौकोन रंगवले गेले आणि आपण गरीब आहोत, अन्नसुरक्षा कायद्याखाली धान्य घेतो, अशा अर्थाचा मजकूर त्यांवर लिहिला गेला. धान्याचा हक्क कायद्याने दिलेला. पण तो घेणाऱ्याच्या दारावर खूण मात्र हवी. राजाच्या हुकमाने दिलेली खूण म्हणतात ती आणखी कोणती असते? मध्य प्रदेशात प्रधानमंत्री आवास योजनेच्या घरांत पंतप्रधान आणि मुख्यमंत्री यांची छायाचित्रे असलेल्या फरश्या बसवण्याचे ठरले होते. त्या काढाव्यात असा आदेश उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठाला सप्टेंबर २०१८मध्ये द्यावा लागला. प्रयागराजमधल्या एका गल्लीत जुलै २०२०मध्ये काही रहिवाशांच्या घरांना त्यांची संमती नसताना भगवा रंग दिला गेला आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. ही घरे दलितांची होती असे नाही. परंतु दुसऱ्याच्या भिंतीवर आपला रंग चढवण्याचा हक्क काही लोक कसा गृहीत धरतात, याचा हा नमुना आहे.

आपल्या गावांतही असेच घडते. निवडणुकीत पक्षांची चिन्हे, एरवी सिमेंटची आणि मोबाइलची जाहिरात, स्वच्छतेच्या मोहिमेत घोषवाक्ये या साऱ्यांसाठी रस्त्याकडेच्या वस्तीतल्या भिंती सर्वांत सोयीच्या ठरतात. पाटलाच्या वाड्याच्या भिंतीवर हागणदारीमुक्तीचे वाक्य मी अद्याप पाहिलेले नाही. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आमचे विद्यार्थीही कुंचला घेऊन निघतात. त्यांचा हेतू चांगला असतो. घरमालकिणीला विचारा, तिला कोणता रंग आणि कोणते वाक्य हवे आहे ते विचारा, एवढे सांगितले की त्यांना प्रथम नवल वाटते आणि मग ते समजून घेतात. आपल्यासारख्या शिक्षकांना इथे काम आहे.

याहून गुंतागुंतीचे उदाहरण मुंबईचे आहे. घाटकोपरजवळच्या असल्फ्याच्या टेकडीवरची झोपडपट्टी डिसेंबर २०१७मध्ये ‘चल रंग दे’ या उपक्रमात रंगवली गेली. स्वयंसेवकांनी आणि रहिवाशांनी मिळून काम केले. सिमेंट-रंगाच्या एका कंपनीचे साहाय्य होते. जवळून मेट्रो जाते, आणि तिच्या खिडकीतून ही टेकडी सुंदर दिसू लागली. वृत्तपत्रांनी तिची तुलना इटलीतल्या किनाऱ्यावरच्या गावाशी केली. ब्राझीलमधल्या रिओ शहरात सांता मार्टा या झोपडपट्टीच्या एका चौकातली घरे दोन डच कलावंतांनी २०१०मध्ये अशीच इंद्रधनुषी रंगवली होती.

या कामाची हेटाळणी करण्याचे कारण नाही. रंगाने भिंत टिकते, घर उजळते, रहिवाशांना आनंद होतो आणि तो आनंद खराच असतो. परंतु समीक्षकाने कोणत्याही चित्राला एक प्रश्न विचारायचा असतो : हे चित्र कोठे उभे राहून पाहण्यासाठी काढले आहे? असल्फ्याच्या चित्राची पाहण्याची जागा मेट्रोत आहे. टेकडी हा पडदा आहे, आणि घरे हे त्या पडद्यावरचे रंगाचे ठिपके. एका घराचा गुलाबी रंग शेजारच्या घराच्या पिवळ्याशी जुळवला जातो तो दूरच्या प्रेक्षकासाठी. त्या घरात राहणाऱ्या बाईला गुलाबी आवडतो का, हा प्रश्न रचनेच्या दृष्टीने गौण ठरतो. दारिद्र्य दिसू नये ही गरज प्रवाशाची असते. रहिवाशाची गरज नळाची, संडासाची आणि घराच्या कागदाची असते. म्हणून भिंत रंगवणे आणि आपले घर आपण रंगवणे या दोन वेगळ्या कृती आहेत, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे.

(४)

आता आपल्या वस्तीतल्या निळ्या रंगाकडे वळू. या रंगाविषयी आपल्याकडे भावनेने खूप बोलले जाते; त्याचा व्यवहार मात्र कोणी सांगत नाही.

मातीच्या भिंतीला सर्वांत स्वस्त रंग म्हणजे चुना. कळीचा चुना पिंपात भिजत घालायचा, तो शिजून निवला की गाळायचा, अंगाला लागू नये म्हणून त्यात डिंक घालायचा आणि घायपाताच्या कुंच्याने भिंतीवर दोन हात द्यायचे. नुसता चुना पिवळट दिसतो म्हणून कपड्यांना घालतात तीच नीळ चिमूटभर टाकायची. चिमूट टाकली तर भिंत पांढरीशुभ्र दिसते; पुडी टाकली तर आभाळासारखी निळी होते. खाली पावसाचे शिंतोडे उडतात तिथे काव किंवा डांबराचा पट्टा मारायचा. म्हणजे निळी भिंत ही आधी एका पुडीच्या किमतीत मिळणारी भिंत होती. खेड्यापाड्यांत ती अनेक जातींच्या घरांवर होती, आजही आहे. राजस्थानात जोधपूर शहरातली निळी घरे तर ब्राह्मणांच्या वस्तीची खूण म्हणून सांगितली जातात. रंगाला स्वतःची जात नसते. त्याला अर्थ माणसे देतात आणि तो इतिहासात देतात.

आपल्या निळ्याला तो अर्थ चळवळीने दिला. बाबासाहेबांनी १९४२ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना केली आणि तिचा झेंडा निळा झाला. पुढे रिपब्लिकन पक्षाने तोच रंग चालवला. १४ ऑक्टोबर १९५६च्या धर्मांतरानंतर दिवाळीचे महत्त्व बौद्ध घरांतून ओसरत गेले आणि जयंतीचे वाढले. इथे एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी. शहाणा गवंडी सांगतो की चुन्याचा हात पावसाळ्यानंतर द्यावा. दिवाळीच्या तोंडावर घरे रंगवण्याची रीत याच हिशोबाची आहे. आमच्या वस्तीने मात्र घरे एप्रिलमध्ये रंगवायला सुरुवात केली. पुढे दोन महिन्यांत मृगाचा पाऊस येणार, मातीच्या भिंतीवरचा चुना धुऊन नेणार, हे ठाऊक असताना रंगवली. हाताला काम नसलेल्या चैत्र-वैशाखात पदरचे पैसे खर्चून रंगवली. आर्थिक हिशोबाने हे शहाणपणाचे नव्हते. परंतु वर्षाचे पंचांग कोणाच्या नावाने सुरू करायचे याचा तो निर्णय होता, आणि निरक्षर माणसांनी घेतलेला तो एक वैचारिक निर्णय होता असे मी मानतो.

हा निर्णय अमलात कोणी आणला? बायांनी. माझी आई मोलमजुरी करून आल्यावर रात्री कंदिलाच्या उजेडात भिंत पोतेऱ्याने सारवून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चुन्याचा हात मारायची. वस्तीतल्या प्रत्येक घरी हेच चित्र असे. दाराच्या दोन बाजूंना हाताच्या पंज्यांचे ठसे, कोनाड्याभोवती काव, उंबऱ्यापाशी पट्टा ही त्यांची रचना. पुढे सिमेंटच्या भिंती आल्या, ऑइलपेंट आला, इमल्शन आले. शिडी आणि रोलर आला आणि हे काम पुरुष रंगाऱ्याकडे गेले. सुधारणा झाली, भिंत दहा वर्षे टिकू लागली; पण रंग कोणता हे ठरवण्याचा बाईचा शब्द तेवढा कमी झाला. चळवळीच्या इतिहासात या कुंच्याची नोंद नाही, ती झाली पाहिजे.

(५)

आता ‘भडक’ या शब्दाकडे परत येऊ.

मराठी सौंदर्यविचारात बा. सी. मर्ढेकरांचे ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) हे पुस्तक मानदंड समजले जाते. संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तत्त्वे त्यांनी मांडली आणि लौकिक विचार बाजूला ठेवून कलाकृतीच्या घाटाकडे पाहावे असा आग्रह धरला. हा आग्रह आपण क्षणभर मान्य करू आणि त्याच निकषावर एक भिंत तपासू. उन्हाळ्यातले करपलेले पिवळे रान, काळी माती, मधे गडद निळी भिंत, तिला पांढरी चौकट, खाली काळा पट्टा. विरोधलयीचे याहून चांगले उदाहरण कोणते देता येईल? निव्वळ घाट पाहायचा म्हटले तरी ही भिंत उत्तीर्ण होते. मग ती भडक का ठरते? कारण पाहणारा घाट पाहतच नसतो. ही भिंत कोणाची आहे, हे त्याने आधीच ओळखलेले असते. अलौकिक सौंदर्याची भाषा बोलणाऱ्याचा डोळा इथे पूर्णपणे लौकिक असतो. म्हणून आमची तक्रार अशी की, प्रस्थापित समीक्षेने स्वतःचे नियमही आमच्या भिंतीला लावले नाहीत.

दुसरी बाब अभिरुचीची. ‘पांढरपेशा’ हा शब्दच पाहा. कपडा पांढरा ठेवता येतो तो ज्याला चिखलात, शेणात, कोळशात हात घालावा लागत नाही त्याला. फिकट पिस्ता, बदामी, मोतिया हे भिंतींचे रंगही त्याच वर्गाचे आहेत. धूळ कमी, झाडे जास्त, गडी-मोलकरीण पुसायला असेल तिथे ते शोभतात. रस्त्याकडेला, उकिरड्याजवळ, चुलीच्या धुरात फिकट भिंत महिनाभरात मळते. गडद रंग टिकतो. संयत अभिरुची म्हणून जिचा गौरव होतो, तिच्या मुळाशी राहणीमानाची ही सोय आहे.

आणि विसंगत रंगांचे म्हणाल तर त्यालाही कारण आहे. आमच्या वस्त्यांतले कितीतरी तरुण रंगारी आहेत. दिवसभर दुसऱ्याच्या बंगल्याला प्रायमर, पुट्टी, इमल्शनचे हात द्यायचे आणि डब्याच्या तळाशी उरलेला रंग, मालकाने दिला तर, घरी आणायचा. एका बंगल्याचा हिरवा, दुसऱ्याचा जांभळा, तिसऱ्याचा केशरी. त्यांत चुना मिसळून आपली भिंत रंगते. कशाचा कशाला मेळ नाही, असे म्हणणाऱ्याने तो मेळ आपल्याच बंगल्याच्या रंगाशी ताडून पाहावा. शरणकुमार लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) लिहिताना आणि शरद पाटील यांनी ‘अब्राह्मणी साहित्यांचे सौंदर्यशास्त्र’ (१९८८) लिहिताना जो प्रश्न साहित्याबद्दल विचारला, तो भिंतीबद्दलही विचारता येतो. सौंदर्याचा निकष जर निर्मात्याच्या श्रमाला वगळून ठरवला जात असेल, तर तो निकष अपुरा आहे.

(६)

येथपर्यंत काम सोपे होते. दुसऱ्याची झाडाझडती घेणे नेहमीच सोपे असते. आता आपल्यातल्या प्रश्नाकडे येतो.

डिसेंबर १९२७मध्ये महाडला मनुस्मृती जाळली गेली. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांपुढे बोलले. लुगडे नेसण्याची पद्धत, गळ्यातल्या गळसऱ्या आणि हातापायांतले दागिने यांवरून अस्पृश्य म्हणून ओळखले जाते, त्या खुणा टाकून द्या, असे त्यांनी सांगितले आणि बायांनी ते ऐकले. तेव्हा प्रश्न असा पडतो की, ज्या नेत्याने ओळखीच्या खुणा पुसायला सांगितल्या, त्याच्याच नावाने आपण घरावर ओळखीची खूण का लावतो? शिकलेल्या तरुणांत हा प्रश्न वारंवार विचारला जातो, आणि तो टाळण्यासारखा नाही.

कारण या खुणेची किंमत मोजावी लागते. विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या जळाल्या. तमिळनाडूच्या धर्मपुरी जिल्ह्यात ७ नोव्हेंबर २०१२ रोजी एका आंतरजातीय विवाहाचे निमित्त करून तीन दलित वस्त्यांतली अडीचशेच्या वर घरे लुटली व जाळली गेली. बंगळूरसारख्या शहरांत मजुरी करून तिथल्या लोकांनी पक्की घरे उभी केली होती. जुलै २०२०मध्ये दादरच्या राजगृहावर हल्ला झाला तेव्हा कुंड्या आणि खिडकीच्या काचा फुटल्या. हल्लेखोराचा हात आधी बाहेरच्या बाजूवरच पडतो. दलिताचे घर चांगले दिसणे हाच काहींच्या लेखी गुन्हा असतो.

म्हणून शहरात आलेला आपला शिक्षित माणूस दुसरा मार्ग घेतो. बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेचा नायक परगावी खोली मिळावी म्हणून जात लपवतो. बाबासाहेबांनाही १९१७च्या सुमारास बडोद्यात पारशाच्या धर्मशाळेत पारशी नावाने राहावे लागले आणि काठ्या घेऊन आलेल्या जमावामुळे ती सोडावी लागली. आज भाड्याच्या खोलीसाठी आडनाव चोरावे लागते, आणि स्वतःचे घर झाले तर भिंत चोरावी लागते. मी ज्या तालुक्याच्या गावी शिकवतो तिथे प्लॉट घेऊन घर बांधले, तेव्हा एका शेजाऱ्याने आपुलकीने सुचवले, “सर, कॉलनीला शोभेल असा रंग द्या.” कॉलनीला शोभणारा रंग म्हणजे कोणता, हे त्यांना सांगावे लागले नाही आणि मला विचारावे लागले नाही. बदामी रंग वाईट नसतो. पण तो आवडला म्हणून दिला की भीतीने दिला, याचे उत्तर आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक असते.

महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२०मध्ये जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा या पाट्या जाऊन समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर अशी नावे यावीत असा तो निर्णय. तो योग्यच आहे. परंतु भीमनगर म्हटले की तीच वस्ती कळते, मग फरक काय पडला, असे कोणी विचारील. फरक पडतो, आणि महाडच्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे. १९२७ साली टाकून दिलेल्या खुणा दुसऱ्याने लादलेल्या होत्या. त्या आपण निवडल्या नव्हत्या. निळा रंग आपण निवडला. पहिली खूण ‘हा अस्पृश्य आहे’ असे सांगत होती. दुसरी ‘इथे आंबेडकरांना मानणारा माणूस राहतो’ असे सांगते. पहिली पुसायची होती तशीच दुसरी काढता येते, ती आपल्या इच्छेवर आहे. बाबासाहेबांनी लादलेली ओळख टाकायला सांगितली. स्वतःची ओळख घडवू नका असे त्यांनी कधी म्हटले नाही. धर्मांतर हे तर स्वतःची ओळख स्वतः घडवण्याचेच कार्य होते.

(७)

पण निवड हा शब्द वापरला की त्याची दुसरी बाजूही स्वीकारावी लागते. निळा रंग ही निवड असेल, तर तो न देणे हीही निवड असली पाहिजे. काही वस्त्यांत आता जयंतीच्या वर्गणीतून सर्व घरे एकाच निळ्याने रंगवली जातात. नगरसेवक होऊ पाहणारा कोणी डबे पुरवतो आणि कोपऱ्यात आपले नाव लिहून घेतो. ज्या घरातल्या म्हातारीला हिरवा रंग हवा होता, तिला गप्प बसवले जाते. दौशाच्या पिवळ्या चौकोनावर टीका करणाऱ्या आपण हे निळे सक्तीचे काम निमूट पाहावे काय? रंग आपला असला तरी हुकूम दुसऱ्याचा असेल, तर ती भिंत पुन्हा परक्याचीच झाली. चळवळीचा रंग गणवेश झाला की त्यातला विचार विटतो. चुना विटण्याआधी विटतो.

बाजाराचाही धोका आहे. दक्षिण आफ्रिकेतले अंदेबेले लोक १८८३ साली बोअर वसाहतवाल्यांकडून पराभूत झाले, त्यांची जमीन गेली आणि शेतमळ्यांवर त्यांची वेठबिगार म्हणून पांगापांग झाली. त्यांच्या स्त्रियांनी घरांच्या भिंतींवर काढलेली भौमितिक रंगचित्रे पुढे त्या लोकांची ओळख बनली. १९९१ साली एस्थर म्हलांगू या अंदेबेले चित्रकर्तीने त्याच नक्षीने एका जर्मन कंपनीची मोटार रंगवली आणि ती नक्षी जगभर पोचली. कलावंताचा सन्मान झाला, हे चांगलेच. परंतु नक्षी जगभर जाते तेव्हा ज्या भिंतीवर ती जन्मली त्या भिंतीचे काय होते, हे विचारणारे कोणी लागते. आमच्या निळ्यावर उद्या फॅशनच्या दुकानांचे लक्ष जाईल. तेव्हा हा प्रश्न विचारण्याची तयारी आजपासून हवी.

विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना माझे सांगणे व्यवहाराचे आहे. पक्की घरे वाढत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. इंदिरा आवास योजना १९८५-८६मध्ये अनुसूचित जाती-जमाती आणि मुक्त वेठबिगार यांच्यासाठी सुरू झाली. २०१६पासून तिची जागा प्रधानमंत्री आवास योजनेने घेतली. मातीच्या भिंती जात आहेत आणि त्यांच्याबरोबर त्यांच्यावरचे चाळीस-पन्नास वर्षांचे थरही जात आहेत. एखादी जुनी भिंत पाडण्याआधी तिचा पापुद्रा काढून पाहा. पांढऱ्याखाली निळा, निळ्याखाली काव, काव्याखाली शेणमाती सापडेल. त्या घरातल्या आजीला विचारा की पहिला निळा हात कोणत्या साली दिला, नीळ किती पैशांची आणली, कोणी नाव ठेवले, कोणी दगड मारला. वहीत लिहा, छायाचित्र घ्या. भिंत पडल्यावर हे कोणाला विचारता येणार नाही आणि ग्रंथालयात ते मिळणार नाही.

आणि ज्यांनी नोकरीच्या गावी घर बांधले आहे त्या माझ्या सहकाऱ्यांना एवढेच विचारतो. कर्जाचा हप्ता आपण भरतो, घरपट्टी आपण भरतो, भिंत आपली आहे. तिला निळा द्या, पांढरा द्या, बदामी द्या. घरातल्या बाईला विचारून द्या. फक्त रंगाऱ्याला डब्याचा नंबर सांगताना शेजाऱ्याचा चेहरा डोळ्यांपुढे येत असेल, तर तो नंबर पुन्हा एकदा तपासून पाहा.